फाइल शेजारीच आहे, मग ब्राउझर ती उघडत का नाही? एक्सएसएलटीमध्ये लोकल एक्सएमएल फाइल जोडायची कशी?

एकाच फोल्डरमध्ये तीन फाइली आहेत. एकीत माहिती, दुसरीत त्या माहितीला लागणारी नावं आणि तिसरीत ती सगळी माहिती पानावर कशी दिसावी याच्या सूचना. नावं बरोबर, स्पेलिंग बरोबर, सगळं तीनतीनदा तपासून झालेलं. तुम्ही माहितीच्या फाइलवर डबल क्लिक करता, ब्राउझर उघडतो आणि समोर येतं कोरं पान.

एक्सएसएलटी शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन अडकतो. मग शोधाशोध सुरू होते. कुणी सांगतं दुसरा ब्राउझर वापरा, कुणी सांगतं ब्राउझरची एक सेटिंग बंद करा. पण फाइल समोर असताना ब्राउझर ती उघडायला नकार का देतो? त्या नकाराचा तुमच्या फोनमधल्या डाउनलोड्स फोल्डरशी काय संबंध आहे? आणि ब्राउझरचं कुलूप न तोडता हे काम करायचं कसं? तेच समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

एक्सएसएलटीमध्ये दुसरी एक्सएमएल फाइल आत घ्यायला 'डॉक्युमेंट' नावाचं फंक्शन आहे. त्याला फाइलचा पत्ता द्यायचा, ते फाइल उघडून देतं. हा पत्ता मोजला जातो स्टाइलशीट जिथे ठेवली आहे तिथून, मूळ माहितीची फाइल जिथे आहे तिथून नाही. कमांड लाइनवर हे सहसा बिनबोभाट चालतं. फाइल डबल क्लिक करून ब्राउझरमध्ये उघडली तर मात्र आजचे ब्राउझर सुरक्षेसाठी ते अडवतात. उपाय दोन: रूपांतर ब्राउझरच्या बाहेर करा, किंवा फोल्डर आपल्याच कॉम्प्युटरवरच्या छोट्या सर्व्हरवरून उघडा.

आता सविस्तर.

एक्सएमएल आणि एक्सएसएलटी म्हणजे काय?

एक्सएमएल म्हणजे माहिती नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवण्याची पद्धत. हे नाव, हा पत्ता, ही तारीख, अशी प्रत्येक गोष्ट आपापल्या टॅगमध्ये. या पद्धतीची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाणित केली. पॉडकास्टची फीड, वेबसाइटचा साइटमॅप, वर्डच्या नव्या फाइलींच्या पोटातला मजकूर, आधारच्या ऑफलाइन केवायसीची फाइल, हे सगळं एक्सएमएलच आहे.

पण एक्सएमएल फक्त माहिती सांगतं, ती दिसावी कशी हे सांगत नाही. ते काम एक्सएसएलटीचं. एका एक्सएमएलमधून वेबपान, साधा मजकूर किंवा दुसरं एक्सएमएल तयार करण्याच्या सूचना तिच्यात लिहिलेल्या असतात. या सूचनांच्या फाइलला स्टाइलशीट म्हणतात आणि त्या सूचना अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला प्रोसेसर. एक्सएसएलटीची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर १९९९ मध्ये आली, २.० जानेवारी २००७ मध्ये आणि ३.० जून २०१७ मध्ये. ब्राउझर मात्र १.० च्या पुढे कधी गेलेच नाहीत. म्हणून या लेखात आपण मुख्यतः १.० बद्दलच बोलणार आहोत.

दुसरी फाइल लागतेच कशाला?

एक खरं उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. समजा, तुमच्याकडे जिल्हावार माहितीच्या शंभर फाइली आहेत आणि प्रत्येकीत जिल्ह्याचं नाव लिहिलेलं आहे. मग प्रत्येक बदलाच्या वेळी शंभर फाइली उघडा आणि शंभर ठिकाणी नाव बदला. एक जरी राहिली तरी चूक छापून जाणार.

त्यापेक्षा माहितीच्या फाइलीत फक्त संकेत ठेवायचा आणि नावांची यादी वेगळ्या फाइलीत. संकेत म्हणून गाड्यांच्या नंबरप्लेटवरचे आकडे घेऊ: १६, २० आणि २५. माहितीची फाइल अशी:

<अहवाल>
  <नोंद संकेत="१६"><तालुके>१४</तालुके></नोंद>
  <नोंद संकेत="२०"><तालुके>९</तालुके></नोंद>
  <नोंद संकेत="२५"><तालुके>८</तालुके></नोंद>
</अहवाल>

आणि नावांची फाइल अशी:

<जिल्हे>
  <जिल्हा संकेत="१६"><नाव>अहिल्यानगर</नाव></जिल्हा>
  <जिल्हा संकेत="२०"><नाव>छत्रपती संभाजीनगर</नाव></जिल्हा>
  <जिल्हा संकेत="२५"><नाव>धाराशिव</नाव></जिल्हा>
</जिल्हे>

हे टॅग मराठीत बघून दचकू नका. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत ठेवता येतात. वरच्या दोन्ही फाइली यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केल्या तर जशाच्या तशा चालतील.

आता जिल्ह्याचं नाव बदललं तर एका फाइलीत एकच ओळ बदलायची. बाकी सगळ्या पानांवर नवं नाव आपोआप येईल. दुसरी फाइल आत घेण्याचा खरा फायदा हाच.

'डॉक्युमेंट' फंक्शन कसं वापरायचं?

पुढच्या ओळींमध्ये एक्सएसएलटीचे शब्दही देवनागरीत लिहिले आहेत. हे शब्द मात्र प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांतच टाइप करावे लागतात. फाइलीचं नावही इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवलेलं बरं. फाइलीच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं आणि मोकळ्या जागा टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात जातात आणि तिथे नसती डोकेदुखी होते.

पहिली पायरी: स्टाइलशीटच्या सुरुवातीला, सगळ्या टेम्प्लेटच्या बाहेर, एक व्हेरिएबल तयार करा.

<एक्सएसएल:व्हेरिएबल नेम="यादी" सिलेक्ट="डॉक्युमेंट('जिल्हे.एक्सएमएल')"/>

दुसरी पायरी: एकेक नोंद घेत असताना त्या यादीतून नाव काढा.

<एक्सएसएल:व्हॅल्यू-ऑफ सिलेक्ट="$यादी/जिल्हे/जिल्हा[@संकेत=करंट()/@संकेत]/नाव"/>

याचा अर्थ असा: यादीच्या फाइलीत जा, तिथल्या जिल्ह्यांमधून ज्याचा संकेत आपल्या हातातल्या नोंदीच्या संकेताशी जुळतो तो जिल्हा शोधा आणि त्याचं नाव लिहा.

इथे एक शंका येते. छत्तीस जिल्ह्यांसाठी ही ओळ छत्तीस वेळा चालली तर फाइल छत्तीस वेळा उघडेल का? नाही. एका रूपांतरात तोच पत्ता पुन्हा दिला तर आधी वाचलेलीच फाइल मिळेल, असा नियम प्रमाणपत्रकातच आहे.

आणखी एक गंमत. या फंक्शनला रिकामा पत्ता दिला, म्हणजे अवतरणचिन्हांच्या आत काहीच लिहिलं नाही, तर स्टाइलशीटची फाइलच परत मिळते. छोटी यादी असेल तर ती स्टाइलशीटमध्येच लिहून अशी वाचता येते. त्यासाठी यादीच्या बाहेरच्या टॅगला स्वतःचं नेमस्पेस द्यावं लागतं, एवढंच.

पत्ता मोजायचा कुठून?

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. समजा, माहिती आणि जिल्ह्यांची यादी 'डेटा' फोल्डरमध्ये आहे आणि स्टाइलशीट शेजारच्या 'साचे' फोल्डरमध्ये. तुम्ही पत्त्यात नुसतं फाइलीचं नाव लिहिलं तर प्रोसेसर यादी शोधेल 'साचे' फोल्डरमध्ये, कारण नुसतं नाव लिहिलेला पत्ता स्टाइलशीटपासून मोजला जातो. घर शेजारच्या गल्लीत आणि पोस्टमन आपल्याच गल्लीत दारं वाजवतोय, असा हा प्रकार.

यावर दोन उपाय आहेत. एक, पत्त्यात आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ देऊन एक फोल्डर वर जायचं आणि मग 'डेटा' फोल्डरचं नाव लिहायचं. दोन, फंक्शनला दुसरी माहितीही द्यायची:

डॉक्युमेंट('जिल्हे.एक्सएमएल', /)

स्वल्पविरामानंतरच्या तिरक्या रेघेचा अर्थ मूळ माहितीच्या फाइलीचं मूळ. ती ओळ टेम्प्लेटमध्ये मूळ फाइलीवर काम चालू असताना लिहिली, तर पत्ता त्या फाइलीपासून मोजला जातो.

आणि पत्ता थेट लिहिण्याऐवजी माहितीच्या फाइलीतल्या एखाद्या टॅगमधून घेतला असेल तर? तेव्हा तो ज्या फाइलीत लिहिला आहे तिच्यापासून मोजला जातो. हा फरक लक्षात ठेवला की निम्मे घोळ संपतात.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. या फंक्शनला हवा असतो वेबसारखा पत्ता. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा, उलट्या तिरक्या रेघांचा मार्ग हा तसा पत्ता नव्हे. पूर्ण पत्ता द्यायचाच असेल तर तो 'फाइल:///सी:/कामे/डेटा/जिल्हे.एक्सएमएल' अशा रूपात लिहायचा. तीन तिरक्या रेघा, आणि सगळ्या सरळ दिशेच्या.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी अजून एक. स्टाइलशीट फाइलीतून न वाचता प्रोग्रॅमच्या आतच मजकूर म्हणून तयार केली असेल, तर तिला स्वतःचा पत्ताच नसतो. मग 'इथून शेजारी' या शब्दांना अर्थ उरत नाही. अशा वेळी मूळ पत्ता प्रोग्रॅममधून वेगळा सांगावा लागतो.

फाइल उघडली, पण उत्तर चुकीचं आलं तर?

कोरं पान निदान दिसतं तरी. पान व्यवस्थित दिसतंय आणि आतली माहिती चुकीची आहे, ही खरी भीती. अशा पाच जागा.

एक, सगळ्या ओळींवर एकच नाव. वरच्या ओळीत 'करंट' हा शब्द गाळून चौकटी कंसात नुसतं 'संकेत बरोबर संकेत' लिहिलं, तर यादीतला प्रत्येक जिल्हा स्वतःशीच ताडून पाहिला जातो. स्वतःशी तर प्रत्येक जण जुळणारच. १.० आवृत्तीत अशा वेळी पहिलं नाव छापलं जातं. म्हणजे धाराशिवसमोरही अहिल्यानगर आणि संभाजीनगरसमोरही अहिल्यानगर. चूक दाखवणारी एकही सूचना येत नाही.

दोन, रिकामा रकाना. फाइल सापडली नाही तर १.० आवृत्तीत प्रोसेसरला दोन मोकळिकी आहेत. तो चूक दाखवून थांबू शकतो, किंवा काहीच सापडलं नाही असं समजून पुढे जाऊ शकतो. पुढे गेला तर नावाचा रकाना रिकामा राहतो आणि बाकी पान ठीकठाक दिसतं. २.० पासून 'फाइल उपलब्ध आहे का' हे आधी तपासणारं वेगळं फंक्शन मिळतं, ते जरूर वापरा.

तीन, नेमस्पेस. बाहेरून आलेल्या फाइलीत सगळ्यात वरच्या टॅगवर एखादं नेमस्पेस जाहीर केलेलं असेल, तर नुसत्या टॅगच्या नावाने शोधून काही मिळत नाही. तेच नेमस्पेस स्टाइलशीटमध्ये एका उपसर्गासह जाहीर करायचं आणि शोधताना तो उपसर्ग लावायचा.

चार, मूळ बदलतं. फॉर-इच वापरून तुम्ही यादीच्या फाइलीत शिरलात की तिथे सुरुवातीच्या तिरक्या रेघेचा अर्थ यादीचं मूळ असा होतो. आधीच्या माहितीकडे परतायचं असेल तर ती आत शिरण्याआधीच व्हेरिएबलमध्ये ठेवा. 'की' वापरून शोधणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवं. १.० मध्ये की फक्त सध्या ज्या फाइलीत आपण आहोत तिथेच शोधते.

पाच, मराठी आकडे. हा खास आपला प्रश्न. एक्सएसएलटी ज्या भाषेत हिशोब करते तिला फक्त इंग्रजी आकडे कळतात. संकेत जुळवताना मराठी आकडे चालतात, कारण तिथे अक्षराला अक्षर ताडलं जातं. पण वरच्या तीन जिल्ह्यांच्या तालुक्यांची बेरीज करायला सांगा. उत्तर ३१ यायला हवं. येतं 'ही संख्याच नाही' अशा अर्थाचं इंग्रजी संक्षिप्त रूप. म्हणून बेरीज करायची असलेले आकडे फाइलीत इंग्रजीतच ठेवावेत आणि पानावर छापताना 'ट्रान्सलेट' फंक्शनने मराठीत बदलावेत.

मग ब्राउझरच का अडवतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हीच स्टाइलशीट कमांड लाइनवर चालते आणि ब्राउझरमध्ये चालत नाही. का?

कमांड लाइनवर आदेश तुम्ही स्वतः देता. स्टाइलशीट तुमची, फाइली तुमच्या, कोणती फाइल उघडायची हे ठरवणारेही तुम्हीच. ब्राउझरचं काम वेगळं आहे. दिवसभर तो अनोळखी लोकांनी लिहिलेली पानं तुमच्या कॉम्प्युटरवर उघडत असतो. म्हणून त्याचा एक पायाभूत नियम आहे: एका ठिकाणाहून आलेल्या पानाने दुसऱ्या ठिकाणची माहिती परवानगीशिवाय वाचायची नाही. याला 'सेम ओरिजिन' धोरण म्हणतात. बातम्यांच्या साइटला तुमच्या बँकेचं पान वाचता येत नाही ते याच नियमामुळे.

वेबसाइटचं ठिकाण तिच्या पत्त्यावरून कळतं. पण तुमच्या डिस्कवर पडलेल्या फाइलीचं ठिकाण कोणतं? ती तुम्ही लिहिलेली असेल, कुणी पाठवलेली असेल, चुकून डाउनलोड झालेली असेल. ब्राउझरला हे ओळखता येत नाही. म्हणून क्रोम डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीला एकेकटं, स्वतंत्र ठिकाण मानतो. एकाच फोल्डरमधल्या दोन फाइलीही त्याच्या लेखी एकमेकींना अनोळखी. म्हणून स्टाइलशीटसुद्धा लागू होत नाही, मग तिच्यातून तिसरी फाइल उघडणं तर दूरच.

फायरफॉक्स बरीच वर्षं याबाबतीत सैल होता. एकाच फोल्डरमधल्या आणि त्याच्या आतल्या फोल्डरमधल्या फाइली तो एकाच घरच्या मानायचा. जुन्या मार्गदर्शक लेखांमध्ये 'क्रोममध्ये चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालतं' असं लिहिलेलं दिसतं ते यामुळेच. पण जुलै २०१९ मध्ये फायरफॉक्सच्या ६८ व्या आवृत्तीत ही सवलत बंद झाली. कारण वाचण्यासारखं आहे.

एक धोका उघड झाला होता. अँड्रॉइड फोनवर कुणीतरी तुम्हाला मेसेजिंग ॲपवरून एक वेबपानाची फाइल पाठवतं. तुम्ही ती फायरफॉक्समध्ये उघडता. ते ॲप आलेल्या फाइलींना ठराविक पद्धतीची नावं देत असल्यामुळे शेजारच्या फाइलींची नावं ओळखणं सोपं. मग ते पान त्याच फोल्डरमधल्या, इतर लोकांनी तुम्हाला पाठवलेल्या फाइली वाचू शकत होतं. मोझिलाने आपल्या सुरक्षा सूचनेत या धोक्याची नोंद सीव्हीई-२०१९-११७३० या क्रमांकाने केली आणि तेव्हापासून फायरफॉक्सही डिस्कवरची प्रत्येक फाइल स्वतंत्र मानतो.

तिथे फाइल वाचण्याची वाट जावास्क्रिप्टची होती, आपली वाट 'डॉक्युमेंट' फंक्शनची आहे. पण दार तेच. आता स्वतःचा डाउनलोड्स फोल्डर आठवा. पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, आधारची केवायसी फाइल, मुलांचे दाखले, आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी फॉरवर्ड केलेली लग्नपत्रिका. ती पत्रिका बाकीच्या फाइली वाचू शकली तर? तुमच्या जिल्ह्यांच्या यादीला जे कुलूप अडवतं, तेच कुलूप तुमची बँक स्टेटमेंटही राखतं.

मग काम करायचं कसं?

पहिला आणि सगळ्यात चांगला उपाय: रूपांतर ब्राउझरच्या बाहेर करा. मॅकमध्ये 'एक्सएसएलटीप्रॉक' नावाचं साधन आधीपासूनच असतं, लिनक्सवर ते सहज मिळतं. टर्मिनलमध्ये त्याचं नाव, मग स्टाइलशीटचं नाव आणि शेवटी माहितीच्या फाइलीचं नाव, याच क्रमाने लिहायचं. तयार झालेलं वेबपान वेगळ्या फाइलीत साठवून ब्राउझरमध्ये उघडायचं. त्या पानात सगळी माहिती आधीच आलेली असते, दुसरी फाइल उघडायची गरजच उरत नाही. २.० किंवा ३.० आवृत्ती हवी असेल तर 'सॅक्सन' हा प्रोसेसर आहे. त्याची होम एडिशन मोफत मिळते.

दुसरा उपाय: आपल्याच कॉम्प्युटरवर छोटा सर्व्हर सुरू करा. पायथॉन असेल तर त्यात 'एचटीटीपी डॉट सर्व्हर' नावाचं मॉड्यूल तयार असतं. ते त्या फोल्डरमधून सुरू केलं की ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' या पत्त्यावर, ८००० क्रमांकाच्या पोर्टवर फाइली दिसतात. आता सगळ्या फाइली एकाच ठिकाणाहून येतात, त्यामुळे ब्राउझरची हरकत राहत नाही. फक्त दोन पथ्यं पाळा. सर्व्हर फक्त कामाच्या फोल्डरमधून सुरू करा, डाउनलोड्स किंवा होम फोल्डरमधून नाही. आणि 'बाइंड' हा पर्याय देऊन त्याला १२७.०.०.१ या पत्त्यापुरतं मर्यादित ठेवा. नाहीतर त्याच वायफायवरचे लोकही तुमच्या फाइली पाहू शकतात. कॅफेत किंवा हॉस्टेलवर बसून काम करत असाल तर हे विसरू नका.

तिसरा उपाय तुम्हाला जागोजागी सुचवलेला दिसेल: क्रोम एका खास पर्यायासह सुरू करा म्हणजे तो डिस्कवरच्या फाइली उघडू देईल, किंवा फायरफॉक्सची ती सेटिंग उलटी फिरवा. काम होतं, पण कुलूप निघतं. आणि ते निघालंय हे दोन दिवसांत आपण विसरतो. मग त्याच ब्राउझरमध्ये मेसेजवर आलेली फाइल उघडतो. पाच मिनिटं वाचवण्यासाठी हा सौदा महाग आहे.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी काय पाहावं?

ब्राउझरच्या बाहेर हे कुलूप नसतं, म्हणून तिथे जबाबदारी आपली. समजा, एखादी वेबसाइट लोकांना स्वतःची स्टाइलशीट अपलोड करू देते आणि सर्व्हरवर ती चालवते. मग कुणीही 'डॉक्युमेंट' फंक्शनला सर्व्हरच्या आतल्या फाइलीचा पत्ता देऊ शकतो. पत्ता बाहेरून आला, पण फाइल उघडताना अधिकार सर्व्हरचे वापरले जातात.

एक्सएमएलच्या बाहेरच्या संदर्भांमधून होणारे हल्ले हा जुना प्रश्न आहे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०१७ च्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत त्यांना चौथं स्थान दिलं होतं. म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधल्या 'एक्सएसएल कम्पाइल्ड ट्रान्सफॉर्म'मध्ये 'डॉक्युमेंट' फंक्शन मुळातच बंद असतं. ते हवं असेल तर सेटिंगमधून मुद्दाम सुरू करावं लागतं. जावामध्ये बाहेरच्या फाइलींवर बंधन घालणारे पर्याय आहेत आणि 'एक्सएसएलटीप्रॉक'ला नेटवरून काही आणू नकोस असं सांगता येतं. डॉट नेटमध्ये फंक्शन चालत नाही म्हणून डोकं धरून बसला असाल तर आधी ही सेटिंग पाहा. आणि ती सुरू करण्याआधी स्वतःला विचारा, ही स्टाइलशीट कुणी लिहिली आहे?

आता नवीन शिकणाऱ्यांनी काय करावं?

२०२५ मध्ये क्रोमच्या टीमने ब्राउझरमधून एक्सएसएलटी टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची योजना जाहीर केली. वापर कमी आणि जुन्या कोडमुळे येणारे सुरक्षेचे प्रश्न जास्त, हे त्यामागचं कारण. याचा अर्थ एक्सएसएलटी संपली असा होत नाही. प्रकाशन संस्था, सरकारी आणि बँकांच्या यंत्रणा, कागदपत्रांची मोठी भांडारं, इथे ती ब्राउझरच्या बाहेर काम करत राहील. पण ब्राउझरने एक्सएमएल फाइलीवर स्टाइलशीट लावून पान दाखवावं, या भरवशावर आज नवं काम उभं करू नये. आधी रूपांतर करा, मग तयार पान लोकांसमोर ठेवा.

अडकलात तर या क्रमाने तपासा

फाइल डबल क्लिक करून उघडली आहे का? असेल तर आधी कमांड लाइनवर चालवून बघा. तिथे चाललं तर दोष स्टाइलशीटचा नाही.

तिथेही चाललं नाही तर पत्ता पाहा. तो स्टाइलशीटपासून मोजलाय ना? तिरक्या रेघा सरळ दिशेच्या आहेत ना?

पत्ता बरोबर असेल तर यादीची फाइल एकटीच उघडून बघा. एखादा टॅग बंद करायचा राहिला असेल किंवा फाइल यूटीएफ-८ सोडून दुसऱ्याच पद्धतीत सेव्ह झाली असेल, तर ती वाचलीच जात नाही.

फाइल वाचली जातेय पण काही सापडत नाही? नेमस्पेस पाहा. सगळीकडे एकच नाव येतंय? 'करंट' पाहा. बेरीज येत नाही? आकडे कोणत्या लिपीत आहेत ते पाहा.

आणि हे सगळं झाल्यावर, एक्सएसएलटीचा गंधही नसलेल्या तुमच्या घरच्या माणसांना एवढं मात्र सांगा: मेसेजवर फोटो किंवा पीडीएफऐवजी एचटीएमएल फाइल आली, तर पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय ती उघडू नका. कुलूप घट्ट असलं तरी दार कुणासाठी उघडायचं हे आपणच ठरवायचं असतं.